विसाव्याचा चढ

दया हा थोर गुण आहे यात संशय नाही. परंतु ज्याच्यावर दया करावयाची त्याची प्रकृती जाणून घेतल्यावाचून केलेली दया पुष्कळदा त्याच्याच जिवावर उठते, आणि दया करणाऱ्याला मात्र आपल्या हातून पुण्य घडले असेच वाटत राहते. दुष्टाला त्याचा दुष्टपणा दाखवून देता येतो. दयाळू माणसाला त्याची दया चुकते आहे हे कोणत्या तोंडाने सांगावे? आणि सांगितले, तरी त्याने ते कोणत्या कानाने ऐकावे? चाकणच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या चिंचदरा गावच्या धर्माजीवर हा प्रसंग गुदरला, आणि तो गुदरला एका फटफटीपायी.

धर्माजी हा बैलांचा माणूस. पंचक्रोशीत कोणाचा बैल चिखलात रुतला, कोणाचा नवा गोऱ्हा जू खांद्यावर घेईना, कोणाची भरली गाडी चढावर अडली, की बोलावणे धर्माजीला यायचे. चाबूक त्याने आयुष्यात बाळगला नाही. तो बैलाशेजारी उभा राही, त्याच्या खांद्यावर आपला उजवा तळहात टेकवी, आणि घटकाभर असा स्तब्ध होई की पाहणाऱ्याला वाटावे, हा जप करतो आहे. मग म्हणे, "ह्यो अजून वढंल," किंवा म्हणे, "ह्याला सोडा आता, ह्याचं सरलं." त्याचा शब्द खोटा ठरल्याचे कोणाला आठवत नव्हते.

चिंचदऱ्यात शिरायला गाडीवाट एकच. खाली ओढा ओलांडला की चढ सुरू होतो, आणि चढाच्या मध्यावर, करंजाच्या झाडाखाली, शेंदराने लाल झालेला म्हसोबा बसलेला आहे. हा गुरांचा राखणदार. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज असा की गाडी भरलेली असो की रिकामी, म्हसोबापाशी ती थांबलीच पाहिजे. गाडीवानाने खाली उडी टाकावी, देवापुढचा धोंडा उचलून चाकामागे लावावा, बैलांना दम खाऊ द्यावा, आणि मगच उरलेला चढ चढावा. तो धोंडा हाताळून हाताळून तुळतुळीत झाला होता. त्या जागेला गावात म्हसोबाचा विसावा म्हणत. तिथे न थांबता जो पुढे गेला त्याच्या बैलाला देव दम देत नाही, असे म्हातारे सांगत. आणि तरुणांना ते खरे वाटो न वाटो, थांबत सगळेच.

स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षे झाली होती. पिंपरीच्या माळावर औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता आणि चिंचदऱ्याची दोन-चार पोरे तिथे भोंग्यावर जाऊ लागली होती. त्याच साली चाकणच्या बाजारातून कोणाच्या तरी जनावराबरोबर बुळकांडी आली. गुरांचे तोंड येई, डोळे गळत, पोट वाही, आणि अख्खा गोठा आठवड्यात रिकामा होई. ओढ्यापलीकडच्या दोन वाड्यांत तिने हात फिरवला होता. चिंचदऱ्यात ती अजून शिरली नव्हती, पण शिरणार हे सगळ्यांना ठाऊक होते.

चाकणच्या दवाखान्यात गुरांचे डॉक्टर होते नानासाहेब. सालस, अबोल, जाड चष्म्याचे. सरकारने रोगावर लस दिली होती, पण चिंचदऱ्याची माणसे टोचून घ्यायला तयार नव्हती. धडधाकट जनावराला सुई कशाला मारायची, मारली आणि आजार आत गेला तर? शेवटी नानासाहेबांनी धर्माजीला दवाखान्यात बोलावून घेतले.

"धर्माजी, तुम्ही सांगितलंत तर गाव ऐकेल."

"ऐकंल की सायेब. पर मला तरी कुठं ठावं हाय, ती लस काय करती?"

नानासाहेबांनी त्याला जवळ बसवून समजावले. मूळ अडचणही सांगितली. लस बर्फातच ठेवावी लागते. पिंपरीच्या कारखान्याने आपल्या शीतघरात ती ठेवून घेण्याची मेहेरबानी केली होती. पण तिथून निघालेली पेटी उन्हे चढायच्या आत चिंचदऱ्यात पोचली नाही तर लसीचे पाणी झाले म्हणून समजावे. बैलगाडीला दुपार होणार. एस.टी. येते ती पुण्याहून, तिचा भरवसा नाही, आणि ती सोडणार चाकणलाच. दवाखान्याला मात्र महायुद्धातली, लष्कराने मोडीत काढलेली एक फटफटी मिळाली होती.

"ती तुम्ही शिका," नानासाहेब म्हणाले. "पेटी तुम्ही स्वतः आणलीत तर लोक जनावरं बाहेर काढतील. दुसऱ्या कुणी आणली तर दारं लावून घेतील."

धर्माजीने खिडकीतून बाहेर पाहिले. कडुनिंबाखाली ती हिरवट रंगाची, पोपडे निघालेली वस्तू एका बाजूला कलून उभी होती. तो उठून तिच्याजवळ गेला आणि सवयीने टाकीवर तळहात टेकवला. पत्रा गार होता. हाताला काहीच कळले नाही. हात मागे घेऊन तो म्हणाला, "शिकतो."

शिकवायला चिमाजी हवालदार आले. हे साताऱ्याकडचे, लढाईत निरोप्याचे काम करताना उजवा पाय गुडघ्यापासून आखडला, म्हणून आता पिंपरीच्या कारखान्यात मोटारखान्यावर होते. फटफटीचा गिअर उजव्या पायाने टाकायचा, तेव्हा त्यांना स्वतःला ती चालवणे उरले नव्हते. पण दर रविवारी ते चाकणला येत, मागच्या बैठकीवर आखडलेला पाय लांब करून बसत, आणि धर्माजीच्या कानात ओरडत.

"पैला! सोड क्लच, हळू, हळू सोड! शाब्बास. आता दुसरा. आता! अरे आता टाक की, गाडी बोंबलतीय, ऐकू येत नाही का धर्माजीराव?"

"टाकला हवालदार, टाकला."

"तिसरा! छान. आता चढ आला, खाली ये, दुसऱ्यावर ये. ये की! दडपतोयस कशाला तिला?"

हवालदार ओरडतील तेव्हा धर्माजीचा पाय बिनचूक चाले. गिअर म्हणजे काय हे त्यांनी मातीत रेघा ओढून समजावले होते: पहिला गिअर म्हणजे ताकद जास्त, वाट थोडी, तिसरा म्हणजे वाट पुष्कळ, ताकद कमी. हे धर्माजीला पहिल्याच दिवशी उमगले. जे उमगत नव्हते ते दुसरेच.

"हवालदार, एक इचारू? तुमी म्हणता, 'आता टाक.' पर आता म्हंजी कवा?"

"आता म्हणजे आता."

"पर तुमाला कशावरून कळतं?"

हवालदारांनी टोपी काढली, डोके खाजवले. पलटणीत असताना वर्षानुवर्षे त्यांनी हे केले होते आणि एकदाही स्वतःला विचारले नव्हते. "आवाजावरून," ते अखेर म्हणाले. "कान दे. गाडी स्वतः सांगती."

येथेच घोटाळा झाला, आणि दोघांपैकी एकाच्याही तो ध्यानात आला नाही. धर्माजीने कान दिला, मनापासून दिला. आणि गाडीने जे सांगितले ते त्याने आपल्या काळजाने ऐकले. पहिल्या गिअरमध्ये ती किंचाळे, तेव्हा त्याला वाटे: बिचारी ओरडते आहे, हिला सोडवले पाहिजे. तो घाईने वरचा गिअर टाकी, आवाज खाली येई, आणि त्याला हायसे वाटे. सपाटीवर हे खपून जाई. चढावर मात्र हवालदार मागून पाठीत बुक्की घालत, "खाली ये!" आणि तो खाली येई, पण मन खट्टू करून, थकल्या जिवावर आणखी एक पोते टाकावे तसा. रविवारी हवालदारांचा घसा बसे, सोमवारी धर्माजी कुणाशी बोलत नसे.

"पुना चुकलं का?" सारजाबाई, त्याची बायको, विचारी.

"चुकाया काय लहान पोर हाय मी? बैल वळखतो, घोडं वळखतो, आन हे लोखांड मला वळखू देत न्हाई."

"मग सोडून द्या."

"सोडून द्या म्हनं! आन लस काय तुजा बाप आणणार?"

ती आपल्या कामाला लागे. राग आपल्यावर नाही हे तिला कळत होते.

पहिली खेप ठरली त्या दिवशी नानासाहेब पहाटेच टांग्याने चिंचदऱ्याला जाऊन बसले. धर्माजीच्या शब्दावर गावाने जनावरे बाहेर काढून माळावर बांधली होती. पिंपरीला हवालदारांनी पेटी मागच्या बैठकीवर काथ्याने करकचून बांधली. भुश्यात बर्फ, बर्फात काचेच्या कुप्या.

"माझी जागा आज ह्या पेटीनं घेतली," ते म्हणाले. "तेव्हा आज ओरडणारा कोणी नाही. तूच तुझा. चढावर बंद पडली तर तिथं लाथा मारत बसू नको. वजन आहे, चालू व्हायची नाही. पार खाली उतर आणि पहिल्यापासून चढ."

भोसरी गेली, मोशीचा पूल गेला, चाकण गेले. धर्माजीला वाटू लागले की जमले. ओढ्यातून वर निघताना त्याने गाडी पहिल्यावर घेतली, कारण ओढ्यापाशी हवालदार तसेच ओरडले असते. चढ सुरू झाला. गाडी गर्जू लागली. दोन्ही बाजूंच्या बांधांवर तो आवाज आपटून दुप्पट होई. करंजाचे झाड दिसले, म्हसोबाचा शेंदूर दिसला, आणि धर्माजीच्या चाळीस वर्षांच्या सवयीने त्याला सांगितले, इथे दम द्यायचा. थांबता येत नाही. मग निदान हिचे ओरडणे तरी थांबवू. त्याने एकदम वरचा गिअर टाकला, आणि आणखी एक.

आवाज खाली आला. किती शांत झाली, असे त्याच्या मनात आले मात्र, गाडीने दोन उचक्या दिल्या आणि ती बंद पडली. क्षणभर तिथेच अडखळली आणि मागे सरकू लागली. आता मनुष्याने काय करावे? ब्रेक दाबावा, पाय रोवावेत. धर्माजीने जे केले ते चिंचदऱ्याच्या कोणत्याही गाडीवानाने केले असते. त्याने खाली उडी टाकली आणि तो धोंडा आणायला धावला, चाकामागे लावायला.

बैलगाडीला दोन चाके शेजारी शेजारी असतात, फटफटीला एकामागे एक. त्याने धोंड्याला हात घातला तेव्हा त्याच्या पाठीमागे काच फुटल्याचा आवाज आला. पेटी खाली, गाडी तिच्यावर. भुसा ओला झाला होता, आणि म्हसोबाच्या पुढ्यात बर्फाचे खडे उन्हात चमकत होते.

वरून माणसे धावत आली. कोणी हसले नाही. हसली असती तर बरे झाले असते. म्हसोबाचा दिवाबत्तीवाला बाळाजी, धर्माजीचा लहानपणापासूनचा सोबती, हात जोडून देवाकडे पाहत राहिला.

"देवानं गाडी अडिवली, धर्मा."

"देवानं न्हाई, बाळाजी. माझ्याच्यानं चुकली."

"तुज्याच्यानं? तू कवा चढावर चुकला हायेस? त्याच्या म्होरंच कशी बंद पडली? खाली न्हाई, वर न्हाई. हितंच?"

धर्माजी पडलेली गाडी उभी करू लागला. गावाने सकाळपासून उन्हात बांधलेली जनावरे मुकाट्याने घरी नेली. नानासाहेबांनी रिकाम्या पिचकाऱ्या पुन्हा कपड्यात गुंडाळल्या. रागावले नाहीत, फक्त चष्मा पुसत म्हणाले, "आणखी एक पेटी मिळेल. पुढच्या आठवड्यात. त्यानंतर मला देता यायची नाही, दुसऱ्या तालुक्यांना हवी आहे. आणि दुसरा चालवणारा मिळेल तो महिन्याने." महिन्याने म्हणजे काय, ते ओढ्यापलीकडचे रिकामे गोठे सांगत होते.

त्या संध्याकाळी चावडीपुढे गाव बसले. बरीच बोलणी झाली. काही म्हणाले टोचणी नकोच. शेवटी बाळाजीने तोड काढली, आणि ती गावाला पटली, कारण तिच्यात देवाचाही मान होता आणि धर्माजीचाही.

"आपण कौल लावू. पुढल्या खेपंला फटफटी म्हसोबाच्या म्होरून आपल्या पायानं वर आली, तर देवाची मर्जी हाय म्हणायचं. पैली म्हस माझी टोचायची. आन पुना तितं बंद पडली, तर सुईचं नाव काढायचं न्हाई. धर्मा, कबूल?"

"आन मी पेटी डोक्यावर घिऊन आलो तर?"

"डोक्यावर काय, पोरगं बी आणंल. कौल गाडीचा हाय."

"कबूल," धर्माजी म्हणाला. दुसरे काय म्हणणार?

मधले दिवस वाईट गेले. रविवारी हवालदार आले आणि त्यांनी मोशीच्या चढावर त्याला इतक्या वेळा वरखाली नेले की तेल संपले. मागून ओरड आली की चढ साधे, हवालदार गप्प राहिले की गाडी मरे. एकदा तर हवालदारांनी मुद्दाम तोंडात रुमाल कोंबला. गाडी मेली, आणि दोघेही नदीकाठी एकमेकांकडे पाठ करून बसले.

"तुला ऐकू येतं ना?" हवालदार म्हणाले.

"समदं येतं."

"मग ऐकून उलटं का करतोस? ती ओरडली की वर जातोस. चढावर ती ओरडलीच पाहिजे!"

"ओरडलीच पायजे? हवालदार, मुकं जनावर ओरडाया लागलं, आन मी त्याला आणखी ओरडाया लावू?"

"ते जनावर नाही रे बाबा!"

"मग 'ती सांगती, कान दे,' असं तुमीच का म्हणला?"

हवालदारांनी हात जोडले आणि लंगडत आपली वाट धरली.

घरी आल्यावर त्याने आपल्या बैलांना, पवळ्याला नि चांद्याला, पाणी दाखवले, आणि गोठ्याच्या दारात बसून राहिला. सारजाबाई शेण भरत होती. चांद्याने जोरात फुरफुर केली, खूर आपटला.

"रग हाय त्याच्यात," धर्माजी सवयीने म्हणाला.

सारजाबाईने पाटी खाली ठेवली. "मला एक सांगा. चांद्या फुरफुरला की तुमी म्हणता रग हाय. आन तुमची फटफटी फुरफुरली की म्हणता दमली. ह्ये कसं?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाई कळत. म्हणून तर इचारलं."

तो उठून बाहेर गेला. तिच्या बोलण्याचा त्याला राग आला होता, आणि राग कशाचा आला हे कळेना म्हणून आणखी आला होता.

दुसऱ्या खेपेचा दिवस उजाडला. पेटी हवालदारांनीच बांधली. काथ्याची गाठ त्यांनी पुनःपुन्हा ओढून पाहिली. धर्माजी निघाला. वाटेत त्याने ठरवले होते की काही ऐकायचेच नाही. हवालदार चढावर जिथे जिथे ओरडले असते त्या जागा त्याने आठवून ठेवल्या होत्या. ओढा, बांधावरची बाभळ, वळण. तेवढ्यावर चालायचे.

ओढा आला. त्याने पहिला टाकला. पण वर निघताच गाडी अशी किंचाळली, आणि बांधांनी तो आवाज असा परत फेकला, की त्याचा पाय त्याला न विचारता हलला आणि गाडी दुसऱ्यावर गेली. आवाज उतरला. धर्माजीला घाम फुटला. चुकले हे त्याला कळले, पण कानांना मात्र लबाडासारखे सुख वाटत होते. गाडी अजून चालत होती. बाभळ मागे पडली. आवाज आणखी खाली आला, जड झाला, गप्प होऊ लागला.

पेटीच्या ओझ्याने गाडी मागे ओढली जात होती, म्हणून त्याने गुडघ्यांनी टाकी घट्ट आवळली होती. आणि त्या गुडघ्यांना काहीतरी जाणवले. थरथर. बारीक, खोल, आतून येणारी. ही त्याच्या ओळखीची होती. दोन वर्षांमागे, याच चढावर, पवळ्याचा जोडीदार म्हातारा ढवळ्या असाच एकाएकी शांत झाला होता. फुरफुर थांबली होती, मान खाली गेली होती, आणि धर्माजीने तळहात टेकवला तेव्हा खांदा आतून असाच थरथरत होता. त्या क्षणी जू काढले नसते तर तो तिथेच बसला असता, परत न उठण्यासाठी. दमलेले जनावर ओरडत नाही. ओरडते ते ताकद असलेले. दमलेले गप्प होते, आणि थरथरते. हे धर्माजीला जन्मापासून ठाऊक होते. बैलाजवळ तो कधी कानावर विसंबला नव्हता. हाताने ऐकत होता. या लोखंडाजवळ मात्र सगळे म्हणाले कान दे, आणि त्याने कान दिला.

दमली ती आता दमली आहे. मगाशी नव्हती.

डाव्या हाताने क्लच आवळला, उजव्या पायाने दांडी हलवली. पहिला पडला. मूठ पिळली. गाडी पुन्हा कडाडली, आणि गुडघ्याखालची थरथर एका क्षणात निघून गेली. खांद्यावरचे ओझे उतरल्यावर बैल जसा मोकळा श्वास टाकतो तशी ती वर ओढू लागली. आवाज कानठळ्या बसवणारा होता. धर्माजीने दात आवळून गुडघ्यांना विचारले, आणि गुडघे म्हणाले, वढंल, ही अजून वढंल.

करंजाचे झाड आले. झाडाखाली गाव उभे होते, आणि वाटेच्या पलीकडच्या कडेला, म्हसोबासमोर, बाळाजी. त्याने दोन्ही हातांत तो तुळतुळीत धोंडा धरला होता. धर्माजीवर त्याची माया होती. मागल्या खेपेला धोंडा आणताना गाडी पडली, म्हणून या वेळी चाकामागे लावायला तो स्वतःच तयार राहिला होता.

"थांब, धर्मा!" तो ओरडला. "म्या धोंडा लावतो! दम खाऊ दे तिला, मग जा म्होरं!"

चाळीस वर्षांत धर्माजी तिथे कधी थांबला नाही असे झाले नव्हते. त्याचा पाय ब्रेककडे गेला. देव डाव्या हाताला, सोबती उजव्या हाताला, आणि दोघांनाही डावलून, ओरडणाऱ्या जिवाला तसेच ओरडू देऊन पुढे जायचे. याला माणुसकी म्हणायचे की काय म्हणायचे? त्याच्या डोळ्यांत पाणी आले. हात सुटत नव्हता म्हणून त्याने नुसती मान लववली.

"माफ कर देवा," तो म्हणाला. गाडीच्या आवाजात ते त्याचे त्यालाही ऐकू आले नाही. आणि तो थांबला नाही.

म्हसोबा मागे पडला. वळण आले, तेही मागे पडले. चढ संपला तरी त्याने पहिला सोडला नाही. तसाच गर्जत तो माळावर शिरला. कोंबड्या उडाल्या, बांधलेली गुरे दावी ताणू लागली. सारजाबाई पदर सावरत पुढे आली आणि ओरडली, "अवं, आता तरी तो मोठा गिअर टाका! सपाटी आली!"

त्याने टाकला; क्लच धरायचा विसरला. गाडीने एक हिसका दिला आणि नानासाहेबांच्या मेजापुढे येऊन ती निमूटपणे बंद पडली. नानासाहेबांनी पेटीचे झाकण काढले, भुसा बाजूला सारला, बर्फात बोट घातले.

"गार आहे," ते म्हणाले. आणि त्यांनी पिचकाऱ्या बाहेर काढल्या.

मागून बाळाजी धापा टाकत आला. धोंडा अजून हातातच होता. "मी तुज्यासाठी हुबा हुतो, आन तू बघितलं सुदीक न्हाईस!"

"बघितलं, बाळाजी."

"मग थांबला का न्हाईस? देवाचा इसावा हाय त्यो."

"तितं थांबलो असतो तर तिचा दम ग्येला असता. तिला दम थांबून मिळत न्हाई, वढताना मिळतो. कसं ते मला बी नीट सांगता याचं न्हाई."

बाळाजीला हे पटले नाही. पुढेही पटले असे नाही. पण कौल कौल होता. त्याने धोंडा खाली ठेवला, पुटपुटत गेला, आणि सगळ्यांच्या आधी आपली म्हैस घेऊन आला. तिची शिंगे स्वतः धरून, मान दुसरीकडे वळवून म्हणाला, "टोचा सायेब. पर हळू."

चिंचदऱ्यात त्या साली बुळकांडी शिरली नाही. पुढल्या रविवारी हवालदारांनी विचारले, "अखेर कशावरून कळलं रे?" धर्माजीने गुडघ्यावर हात मारला; हवालदारांना काही उलगडा झाला नाही, आणि ते दोघे पुन्हा भांडत भांडत मोशीपर्यंत गेले.

परंतु जनावरे टोचून झाली त्याच संध्याकाळी धर्माजी एकटा, पायी, तो धोंडा उचलून चढ उतरला. त्याने तो देवापुढे पूर्ववत ठेवला, नारळ वाढवला, आणि न थांबल्याचा सगळा वेळ आता भरून काढावा तसा तिथे बसून राहिला.

त्या चढावरून जाणाऱ्या सर्वांवर त्या गुरांच्या राखणदाराची कृपा असो: धोंडा धरून उभे राहणाऱ्या बाळाजीवर, घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या हवालदारावर, बर्फात बोट घालून पाहणाऱ्या वैद्यावर, आणि न कळता विचारणाऱ्या सारजाबाईवर. धर्माजीचा हात सदैव असाच ऐकता राहो. ज्याला विसावा हवा त्याला तो मिळो. आणि ज्याचे भले ओढत राहण्यात आहे, त्याला शेवटचे वळण पार होईपर्यंत दम पुरो.